प्रवेश दिला हेच खूप, आता आणखी काय मागायचं?

"मॅडम, शाळेनं घेतलं हेच खूप झालं. आता आणखी काही मागायला गेलो तर पोरावर राग काढतील."

थोड्याफार फरकानं हे वाक्य मी सोलापूर भागातल्या दिव्यांग मुलांच्या घरच्यांकडून वर्षानुवर्षं ऐकते आहे. अक्कलकोट रोडवरून आलेल्या वडिलांकडून, विजापूर रोडच्या पदवीधर आईकडून, बार्शीकडच्या जिल्हा परिषद शाळेत नातवाला घालणाऱ्या आजोबांकडून. कुणाच्या मुलाला कमी दिसतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला अक्षरं लागत नाहीत, कुणाची मुलगी वॉकर घेऊन चालते. धास्ती मात्र सगळ्यांची सारखी. शाळा सुरू व्हायचे दिवस आले की ती वाढते. म्हणून एका आई-मुलीबद्दल लिहिते. दोघींनी परवानगी दिली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्रावणी सहावीत होती, महापालिकेच्या शाळेत. पूर्व भागात घर, वडील यंत्रमागावर, आई लक्ष्मीताई घरी बिड्या वळणाऱ्या. मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. पाय ताठ, घरात भिंत धरून चालते, बाहेर वॉकर लागतो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत तोंड बंद नाही. तिला माझ्याकडे आणलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी. सकाळी पोट दुखतं म्हणते, शाळेचं नाव काढलं की रडते. डॉक्टरांच्या कागदांत वर्षभरात दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाल्याची नोंद होती. वडिलांना वाटत होतं, वर्गात कुणीतरी चिडवत असेल.

'शाळेत का जायचं नाही' हे मी तिला विचारलंच नाही. असा प्रश्न मुलांनी घरी इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्याचं ठरलेलं उत्तर तयार असतं. मी तिला दिवस सांगायला लावला. उठल्यापासून, बारीकसारीक.

"उठल्यावर काय पितेस? चहा, दूध?"

"काही नाही. रविवारी चहा पिते."

"शाळेच्या दिवशी नाही?"

"नाही. शाळेच्या दिवशी पाणी पण नाही."

"मग पाणी कधी पितेस?"

"घरी आल्यावर. पाचच्या नंतर."

सोलापूरचा मार्च-एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मी आईकडे पाहिलं. त्यांची नजर खाली गेली होती.

"मीच देत नाही मॅडम. काय करू? तिथं संडासाला दोन पायऱ्या हायत, आत धरायला काही नाही, खाली बसायचं भांडं. चौथीपर्यंत मैत्रिणी उचलून न्यायच्या. आता ती जड झाली. आणि तिला लाज वाटायलीय."

पुढचं त्या मुलीला बाहेर बसवून बोलल्या. वर्षभरात ती शहाणी होईल, पाळी सुरू होईल, मग दर महिन्याला काय करायचं? सहावीनंतर घरी बसवायचं, हे नवरा-बायकोनं जवळजवळ ठरवलं होतं. शाळेला यातलं काही सांगितलं का, तर नाही. पहिलीला एका शाळेनं परत पाठवलं होतं, "इथे जमणार नाही" म्हणून. या शाळेनं घेतलं. त्या मुख्याध्यापिकांपुढे आता पायऱ्यांची तक्रार कशी करायची?

पालकांना फक्त माहिती दिली म्हणजे ते उठून शाळेत जातात, असं मी मानत नाही. माहिती आणि कृती यांच्यामध्ये एखादा विचार अडून बसलेला असतो. तो हाती लागल्याशिवाय मी कायद्याचा कागद पुढे करत नाही. यात वेळ जातो, पण माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो तो याच ठिकाणी.

एका भेटीत लक्ष्मीताईंच्या कामाचा विषय निघाला. त्या उत्साहानं सांगत होत्या. कारखान्यात बिड्या द्यायला गेल्यावर तपासणारा कधी कधी चांगल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला काढतो.

"मग तुम्ही काय करता?"

"भांडते की! दिवसभर पाठ मोडून वळल्यात. सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावते."

"तो राग धरेल, पुढच्या वेळी आणखी छाट काढेल, असं वाटत नाही?"

"धरू दे. माझ्या कामाचं आहे, फुकट मागत नाही मी."

"मग शाळेत तोंड का उघडत नाही?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं चूक माझी आहे ना."

सात महिने भरेपर्यंत त्या तंबाखूच्या सुपासमोर बसून बिड्या वळत होत्या. मुलगी सातव्यातच झाली, उशिरा रडली. घरातल्या मोठ्यांनी त्याचा दोष तंबाखूला दिला, म्हणजे त्यांना. त्यांनी तो अकरा वर्षं सांभाळून ठेवला. शाळेच्या दारातून आत शिरताना त्या मनातल्या मनात माफी मागत शिरत होत्या. माफी मागायला आलेला माणूस रॅम्प कसा मागणार?

गेल्या काही वर्षांत मी या प्रश्नाकडे जसं बघते, त्याचा मोठा भाग त्या एका वाक्यानं मला दिला. 'शाळा राग काढेल' ही भीती खरी असतेच. पण अनेक घरांत तिच्याखाली आणखी एक थर असतो: हे मूल आमच्यामुळे असं झालं, आमच्या नशिबानं झालं, आणि आता इतरांनी त्याचा भार का उचलावा? सुशिक्षित घरांत तो थर 'जेनेटिक' म्हणून येतो, इतर घरांत ग्रहण, नजर, तंबाखू म्हणून. आईच्याच वाट्याला तो जास्त येतो, हे वेगळं सांगायला नको.

मी त्यांना म्हटलं, "ताई, श्रावणीचे पाय असे का झाले, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. पण घटकाभर धरून चालू, कारण काहीही असेल. त्या कारणाचा आणि संडासाच्या पायऱ्यांचा संबंध काय? पायऱ्या तुम्ही बांधल्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या, आणि हसता हसता रडल्या. त्यानंतरच त्यांनी विचारलं, "कायद्यात काय लिहिलंय ते पुन्हा सांगा."

कायद्यात काय आहे ते इथेही सांगते, कारण बहुतेकांना अर्धवट माहीत असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. डोळे, कान, हातपाय यांच्याबरोबर स्वमग्नता आणि वाचन-लेखनातल्या विशिष्ट अडचणीही. त्यातलं कलम 16 सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्या शाळांसाठी आहे: भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत, आवार आणि सोयी त्या मुलांना वापरता येतील अशा करायच्या, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करून द्यायचे. यात 'पालकांनी विनंती केल्यास' असं कुठेही म्हटलेलं नाही. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याची वयोमर्यादा चौदाची. आठवीनंतर काय, या प्रश्नाला म्हणूनच 2016 चा कायदा महत्त्वाचा.

ही पसंती पालकांची आणि मुलाची आहे, शाळेची नाही. मूकबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा मिळावी म्हणून कुणी विशेष शाळा निवडली तर मी त्यांच्या पाठीशी उभी राहते. साध्या शाळेनं दार लावून घेतलं म्हणून विशेष शाळेत जावं लागलं, तर त्याला निवड म्हणायला माझी तयारी नाही.

श्रावणीच्या शाळेत आम्ही तिला घेऊन गेलो. वडिलांची इच्छा होती की तिला घरी ठेवावं, "लहान आहे, तिच्यासमोर कशाला." मी आग्रह धरला. जिच्याबद्दल बोलायचं ती खोलीत हवी. शाळेला रॅम्प होताच, पण मतदान केंद्र असलेल्या खोलीपुढे. स्वच्छतागृहाकडे नव्हता. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "इतक्या वर्षांत कुणी काही बोललंच नाही, आम्हाला वाटलं नीट चाललंय," म्हणाल्या. मला ते पूर्ण पटलं नाही. रोज डोळ्यांसमोर वावरणारं मूल दिवसभरात एकदाही जागचं उठत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पण भांडणानं सुरुवात करायची नव्हती.

त्या म्हणाल्या, "मैत्रिणी खूप चांगल्या आहेत हो तिच्या, उचलून नेतात."

श्रावणी मध्येच बोलली, "बाई, मला उचललेलं आवडत नाही. मला चालता येतं. फक्त धरायला पाहिजे."

अर्ज तयारच होता, तो लक्ष्मीताईंनी टेबलावर ठेवला. पुढच्या दोन आठवड्यांत भिंतीला लोखंडी दांडा बसला आणि शाळा अनुदानातून कमोडची खुर्ची आली. रॅम्पला वेळ लागला, इमारतीच्या कामाला वरून मंजुरी लागते. गवंडी चार फुटांत उतार काढून द्यायला निघाला होता. तसा उतार घसरगुंडी होतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, आणि दोन पायऱ्या म्हणजे साधारण एक फूट. हे माप मी अर्जातच लिहायला सांगितलं होतं. पोटदुखी महिन्याभरात थांबली. तिच्यावर मी काहीही उपचार केलेले नाहीत.

आता तुम्ही जर याच जागी अडला असाल तर.

एका वेळी एकच गोष्ट मागा आणि ती मोजता येईल अशी मागा. 'मुलाकडे लक्ष द्या' या अर्जावर कुणी काही करू शकत नाही. 'वर्ग तळमजल्यावर भरवावा', 'पहिल्या बाकावर फळ्यासमोर बसवावं', 'परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा द्यावीत' यांवर करू शकतं. तोंडी बोला, पण लेखी द्या आणि पोच घ्या. पोच मागितली म्हणजे वैर घेतलं असं होत नाही. उलट चांगल्या मुख्याध्यापकाला वर पैसे मागायला तोच कागद उपयोगी पडतो. 'आम्हीच करून घेतो दांडा, खर्चाचं बघतो' असं हात जोडून म्हणू नका. हा खर्च शाळेनं करायचा आहे, आणि तुम्ही केलात तर तुमच्यामागून येणाऱ्या गरीब आईकडूनही तीच अपेक्षा होईल.

राग काढतील याचं काय? काही ठिकाणी काढतात, मी खोटा दिलासा देणार नाही. एकट्या पालकावर काढणं सोपं जातं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथल्या दोघा-तिघांना आधी सांगा, बरोबर न्या. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात, शहरात शहर साधन केंद्रात आणि तालुक्याला गट साधन केंद्रात; त्यांना शाळेत बोलवा. वर्गशिक्षकांना खरं तर तेच हवे असतात, पन्नास मुलांत एकट्यानं काय करायचं हे त्यांनाही उमगत नसतं. याच योजनेतून दिव्यांग मुलींना दरमहा 200 रुपये, वर्षातले दहा महिने, विद्यावेतन आहे; प्रवास आणि मदतनीस भत्त्याचीही सोय आहे. लक्ष्मीताईंना यातलं काही माहीत नव्हतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र आधी काढून ठेवा. शाळेकडून काहीच हललं नाही तर शिक्षण विभाग, आणि त्यानंतर पुण्याला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. तिथवर जायची वेळ क्वचित येते.

पण या सगळ्याच्या आधी घरात एकदा स्वतःला विचारा: आपण शाळेत नक्की कुणाची माफी मागतो आहोत? मुलं हे ऐकत असतात. आई शाळेच्या दारात खांदे पाडून उभी राहते, त्यावरून मूल स्वतःची किंमत ठरवतं, आणि मग ते पाणी मागत नाही.

श्रावणी आता सातवीत आहे. तिची शाळा सातवीपर्यंतच, आठवीला माध्यमिक शाळा बदलावी लागणार, आणि तिथले वर्ग वरच्या मजल्यावर भरतात. लक्ष्मीताई त्या शाळेत आधीच जाऊन स्वच्छतागृह पाहून आल्या. त्यांना मराठी लिहिता येत नाही, म्हणून अर्ज श्रावणीनं लिहिला आणि मला दाखवायला आणला. मागण्या तीन. वर्ग तळमजल्यावर असावा. स्वच्छतागृहात दोन्ही बाजूंना दांडे असावेत. तिसरी तिनं स्वतःच्या मनानं घातली होती: "खेळाच्या तासाला मला वर्गात बॅगा सांभाळायला बसवू नये."