जुन्या सॅन स्टॉर्मला टर्बो लावायचाय, इंजिन टिकेल असं कसं बांधू?

तुम्ही लिहिलंय की काकांची स्टॉर्म (सॅन मोटर्सची छोटी दोन-सीटर स्पोर्ट्स कार) घरी पडून आहे, १ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, हवाय आणि गाडी रोज चालली पाहिजे. मी पुण्यातच माझ्या स्टॉर्मवर हे दोनदा केलंय, पहिल्यांदा इंजिन गेलं, दुसऱ्यांदाचं अजून चालतंय, त्या अनुभवावरून सांगतो, १ बार डोक्यातून काढा. ०.४ बार धरा आणि ८५ हॉर्सपॉवरवर समाधान माना, इतक्या हलक्या फायबर बॉडीच्या गाडीला ते खूप होतात.

इंजिन वाईट नाहीये. रेनॉचं ११४९ सीसी, ८ व्हॉल्व्ह, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. रेनॉने स्वतः पुढे याच ६९ बाय ७६.८ मापाच्या भावंडातून टर्बो लावून १०० काढले, पण ते १६ व्हॉल्व्हचं होतं आणि टर्बोसाठीच बांधलेलं. आपलं तसं नाही.

माझं पहिलं इंजिन कसं गेलं ते ऐका, कारण बहुतेकांचं असंच जातं. ०.६ बार बूस्ट, इंजेक्टर मूळचेच, फक्त पेट्रोलचं प्रेशर वाढवलेलं आणि स्पार्कच्या टायमिंगला हात लावला नव्हता. मे महिना, दुपारी कात्रजचा घाट, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं एक्झॉस्टचा पत्रा वाजतोय, म्हणून तसाच दामटत राहिलो. आठवड्याभरात डिपस्टिक आपोआप वर यायला लागली. प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सलीनवर चंदेरी-काळे ठिपके, मिरपूड शिंपडल्यासारखे, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उतरवलं, तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटलेली. टर्बो मात्र ठणठणीत. म्हणजे इंजिन बूस्टने नाही गेलं, नॉकिंगने गेलं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकल्याने; तो वाटाण्यांसारखा आवाज त्याचाच होता.

म्हणून पैसे आधी पेट्रोल आणि ट्यूनिंगवर घाला, टर्बो सगळ्यात शेवटी घ्या. स्टँडअलोन ईसीयू (इंधन आणि स्पार्क ठरवणारा, स्वतः ट्यून करता येणारा कॉम्प्युटर), वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून पेट्रोल-हवेचं प्रमाण मोजणारा) आणि १ बारच्या वर वाचणारा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब वातावरणाच्या दाबासकट मोजणारा), या तिन्हींशिवाय सुरुवातच करू नका. ८५-९० हॉर्सपॉवरला २४० सीसीचे इंजेक्टर आरामात पुरतात. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला साध्या पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के इंधन जास्त लागतं, हे जुन्या हिशोबात नसतं, आणि जुन्या रबरी पेट्रोल लाइनही इथेनॉलने फुगतात-चिरतात, सगळ्या बदला. फुल लोडला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८ च्या आसपास ठेवा, टायमिंग मागे घ्या. अजून एक, पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, हवा इथे पाचेक टक्के विरळ, चेन्नईच्या ट्रॅकवर नेली की तेवढ्याच बूस्टला सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, ईसीयूच्या ट्यूनिंगमध्ये ती जागा ठेवा.

इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते बघायला) करा. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब असेल तर भोसरीत चांगली मशीन शॉप आहेत, पण रिंग गॅप (पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट) स्वतः समोर उभं राहून बघा. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टन उलटा करून सरळ खाली ढकलायची आणि फीलर गेज घालायचा. टर्बोला वरच्या रिंगेचा गॅप बोअरच्या दर इंचाला पाच ते सहा थाउ (इंचाचा हजारावा भाग) लागतो, ६९ मिलिमीटरला तो ०.३५ ते ०.४१ मिलिमीटर येतो, पिस्टनवाल्याने वेगळा दिला असेल तर त्याचा धरा. साध्या इंजिनाचा गॅप ठेवला तर रिंग तापून टोकं एकमेकांना भिडतात आणि परत तीच कड तुटते. हेडचे बोल्ट नवेच घ्या.

टर्बोला ऑइल देणं सोपं आहे, परत आणणं अवघड. रिटर्नचा पाइप जाड हवा, सतत उताराचा, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला. माझ्या पाइपला मध्ये जेमतेम बोटभर चढ होता, तेवढ्यावर आयडलला निळा धूर यायचा आणि मी उगाच टर्बोचे सील बदलत बसलो. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घातलेलं असेल तर आतून क्षार धरलेला असणार, नवाच टाका. टर्बो डिझेल गाडीचा घेऊ नका, पेट्रोलचा एक्झॉस्ट फार जास्त तापतो, १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीचा स्क्रॅपमध्ये शोधा.

आणि रोज चालवायचं म्हणताय ना, ते होणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही, अपघात झाला तर विमाही अडतो. मी ती कात्रजला नेली तीसुद्धा चूकच होती, आता ती ट्रेलरवरून फक्त ट्रॅकला जाते. काकांच्या गाडीचे चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे इथे टाका, मग पिस्टन बदलायचे की नाही ते सांगतो.