तापाचा कितवा दिवस, ते आधी सांगा

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला सप्टेंबरमध्ये सडकून ताप आला. दुसऱ्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह निघाली. ताप उतरल्यावर, आठव्या दिवशी, खात्री करून घ्यावी म्हणून रक्त पुण्याला पाठवून आरटी-पीसीआर केली, तर ती निगेटिव्ह. मग पहिला रिपोर्ट चुकीचा होता का? आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?
– एक पालक, बार्शी

उत्तर : दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. एनएस-वन चाचणी रक्तात विषाणूचं प्रथिन शोधते, तर आरटी-पीसीआर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर. दोन्ही वेळचं रक्त वेगळ्या दिवसांचं आहे, हे लक्षात घ्या.

डेंग्यूचा विषाणू ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात आलेला असतो. ताप आल्यापासून साधारण पाच दिवस, फार तर सात दिवस, तो पीसीआरला सापडतो. पुढे शरीर त्याला निपटून काढतं. आठव्या दिवशी निगेटिव्ह आलं याचा अर्थ त्या दिवशीच्या रक्तात विषाणू सापडला नाही, एवढाच. मुलाला डेंग्यू झालाच नव्हता असा अर्थ त्यातून निघत नाही. पाचव्या दिवसानंतर शोधायची ती शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली आयजीएम प्रतिपिंडं; ती शोधणारी चाचणी म्हणजे आयजीएम एलायझा. एलायझा म्हणजे लॅबमध्ये यंत्रावर मोजली जाणारी चाचणी. सरकारी यंत्रणाही हेच वेळापत्रक पाळते : पहिले पाच दिवस एनएस-वन एलायझा, त्यानंतर आयजीएम एलायझा. सरकारी केंद्रांना या आयजीएम चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुरवते. गावात झालेली एनएस-वन पट्टीवरची होती की एलायझाची, तेही विचारून घ्या. झटपट पट्टीवरचा निकाल सरकारी नोंदीत 'निश्चित डेंग्यू' म्हणून धरत नाहीत.

आता आमच्या लॅबमध्ये होणाऱ्या पीसीआरबद्दल. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या एका धाग्यावर असतो, सुमारे १०,७०० अक्षरांचा. आम्ही आधी रक्तातून आरएनए वेगळा काढतो, मग एका विकराकडून (एन्झाइमकडून) त्याची डीएनएमध्ये नक्कल करून घेतो आणि विषाणूच्या ओळखीचा एक छोटा तुकडा चक्रामागून चक्र दुप्पट करत नेतो. तुकडे वाढले की चमक वाढते आणि पडद्यावरची सपाट रेघ वर उचलली जाते. पण आरएनए फार नाजूक. नमुना गरम गाडीत तासन्‌तास पडून राहिला तर तो तुटतो आणि विषाणू असूनही रेघ सपाटच राहते. म्हणून त्याच नमुन्यात आम्ही माणसाच्या स्वतःच्या एका जनुकाची, आरनेझ-पीची, रेघही बघतो. तीच उठली नाही तर मी निगेटिव्ह रिपोर्टवर सही करत नाही, नमुना पुन्हा मागवते. तुमच्या रिपोर्टवर 'इंटर्नल कंट्रोल', म्हणजे हीच तपासणी, असं लिहिलंय का पाहा. नसेल तर लॅबला फोन करून विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक कळकळीने सांगते. आमच्या फॉर्मवर 'ताप सुरू झाल्याची तारीख' असा रकाना असतो आणि कितीतरी फॉर्मवर तो कोरा येतो. वय, पत्ता, मोबाइल नंबर सगळं व्यवस्थित, फक्त ही तारीख नाही. त्या तारखेशिवाय कुठली चाचणी लावायची आणि निगेटिव्हचा अर्थ काय लावायचा, हे आम्ही कसं ठरवणार? डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही स्वतः पेन घ्या आणि लिहा.

प्रश्न : यजमानांच्या रिपोर्टवर 'डेंग्यू आरएनए आढळला, सीटी १९' असं आहे. शेजारच्यांचा सीटी २९ होता. म्हणजे ह्यांचा आजार जास्त गंभीर का? व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) वेगळी तपासणी करावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सीटी म्हणजे कितव्या चक्राला रेघ उचलली तो आकडा. विषाणू जितका जास्त, तितकी रेघ लवकर उठते, म्हणून आकडा लहान. दहा चक्रांचा फरक म्हणजे ढोबळमानाने हजारपट, पण दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने आणि तापाच्या एकाच दिवशी तपासलेले असतील तरच. दोन लॅबचे सीटी शेजारी ठेवून काहीही ठरवू नका. मिलीलीटरमागे विषाणूच्या प्रती किती हे सांगायचं तर प्रतींची संख्या आधीच माहीत असलेले नमुने सोबत चालवून त्यांच्याशी ताडून बघावं लागतं. संशोधनात ते करतात. बँकॉकच्या मुलांच्या अभ्यासात गंभीर आजार झालेल्यांत विषाणूचं प्रमाण सरासरीने जास्त सापडलं होतं. पण सरासरीवरून एका माणसाचं पुढे काय होणार ते सांगता येत नाही.

आणि खरा धोका कधी असतो ते बघा. ताप उतरू लागतो तेव्हा, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. त्या वेळी विषाणू रक्तातून ओसरत असतो, पण रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरत असतं. लोड कमी झाला म्हणून निश्चिंत राहिलेलं घर नेमकं तिथे फसतं. तेव्हा वेगळ्या तपासणीवर पैसे घालू नका. डॉक्टर सांगतील तसे रोज हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि प्लेटलेट करा. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, विचित्र अस्वस्थता किंवा सुस्ती यांतलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. उपचार डेंग्यूच्या चारही सीरोटाइपचे (विषाणूच्या प्रकारांचे) सारखेच, मग सीरोटाइप शोधायचाच कशाला?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : त्या एका रुग्णासाठी फारसा उपयोग नाही, गावासाठी मात्र खूप आहे. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता वाढते. क्यूबात १९७७ मध्ये डेन-१, म्हणजे डेंग्यूचा पहिला प्रकार, पसरला आणि १९८१ मध्ये डेन-२ आला तेव्हा रक्तस्रावी डेंग्यूची मोठी साथ उसळली. कुठला प्रकार नव्याने शिरतोय हे आधी कळलं तर रुग्णालयं तयारीत राहतात. सीरोटाइप ओळखायची लॅनसिओटी आणि सहकाऱ्यांची १९९२ ची पीसीआर पद्धत अवश्य वाच. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चार प्रकारांचे पट्टे ४८२, ११९, २९० आणि ३९२ बेस-जोड्यांवर येतात आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. शिवाय डेंग्यूचं आयजीएम झिका किंवा जपानी मेंदूज्वराच्या प्रतिपिंडांमुळेही पॉझिटिव्ह दिसू शकतं, तिथे निवाडा पीसीआरच करते. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला. तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दारातला झाला आहे.

प्रश्न : आरटी-पीसीआरसाठी उपाशीपोटी जावं लागतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अजिबात नाही. तापात तर भरपूर पाणी पिऊनच जा. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत किंवा सीरमच्या नळीत घेतात. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिनमुळे पीसीआर अडते.