मुलांविषयी विचार करायला लागताना

भाऊ, अभ्यासगटात आलास, बरं वाटलं. ज्या अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली, तिथे बालपणाचं तत्त्वज्ञान हा विषय हवाच होता.

सुरुवात व्याख्येपासून करू नकोस, शेतापासून कर. दहा वर्षांची पोर आईबरोबर कापूस वेचायला जाते आणि म्हणते, ‘मला आवडतं.’ या शब्दाला वजन किती? चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. पण २०१६च्या दुरुस्तीनं शाळा सुटल्यावर घरच्या कामात हात लावायला मुभा दिली. मग घरची मदत कुठे संपते आणि राबवणं कुठे सुरू होतं? यावर महिनाभर घाल, घाई नको.

अ‍ॅरिस्टॉटलला मूल अपूर्ण माणूस वाटे. गॅरेथ मॅथ्यूज या अमेरिकी तत्त्वज्ञानं त्याला हरकत घेतली: चित्रं काढण्यात, नवी भाषा शिकण्यात मुलं आपल्या पुढे असतात. मला मॅथ्यूजचं पटतं.

नैतिक दर्जाचा, म्हणजे माणूस म्हणून मुलाला किती मान द्यायचा याचा, प्रश्न मात्र जड आहे. विवेकबुद्धी हाच निकष धरला, तर तान्हं बाळ मोठ्या माणसापेक्षा कमी ठरतं. ‘पुढे मोठं होणार’ म्हणून मान द्यायचा, तर जे आजारी लेकरू मोठं होणारच नाही, त्याचं काय? हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. मान आजच्या लेकराचा आहे.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा, भारतानं तो १९९२मध्ये स्वीकारला. त्यातलं बारावं कलम आधी वाच, मुलाचं मत ऐकण्याबद्दल आहे. आणि पोरांशी बोलशील तेव्हा त्यांना अहिराणीतच बोलू दे, मध्ये सुधारू नकोस.