साक्षीत काय सांगू?

"मॅडम, एकतीस तारखेच्या रात्री साक्ष द्यायची आहे. पाळकसाहेबांनी नाव लिहूनसुद्धा घेतलंय. मी काय सांगू?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे हातात महिनाभर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षाच्या शेवटच्या रात्री चर्चमध्ये उपासना असते, ती बाराच्या ठोक्यापर्यंत चालते. मंडळीतले लोक एकेक करून उभे राहतात आणि सरत्या वर्षात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. याला साक्ष म्हणतात.

या बाईंना आपण सिस्टर म्हणू. मिरजेत सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं इस्पितळ सुरू केलं, तेव्हापासून इथल्या कित्येक ख्रिस्ती घरांत आई नर्स, मावशी नर्स, लेक नर्स असं चालत आलंय. सिस्टरांनीही चौतीस वर्षं वेगवेगळ्या वॉर्डांत काढली. मी समुपदेशक, बसते सांगलीत, विश्रामबागेत. त्या सिटीबसने यायच्या, वेळेआधी दहा मिनिटं. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचं वर्ष असं गेलं होतं. फेब्रुवारीत मुलाचं लग्न झालं. छत्तिसाव्या वर्षी जमलेलं, त्यामुळे सगळ्या मंडळीने नाचून घेतलेलं. जूनअखेर नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले आणि जुलैत ते गेले. सप्टेंबरात साताऱ्याच्या लेकीला मुलगा झाला. लग्नानंतर नऊ वर्षांनी. ज्या बाळासाठी आजोबा रोज रात्री प्रार्थना करायचे, ते बाळ आजोबा गेल्यावर दोन महिन्यांनी आलं.

"बाळाला पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी हसले," सिस्टर म्हणाल्या. "मोठ्याने हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले."

खरी टोचणी पुढे होती. मातीनंतर, म्हणजे दफनानंतर, भेटायला आलेल्या एका बाई म्हणाल्या होत्या, "प्रार्थनेत कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, नाहीतर प्रभूने ऐकलं असतं." तेव्हापासून रडू आलं की सिस्टरांना वाटायचं, हा घ्या पुरावा. विश्वास असता तर रडले असते का? आणि हसू आलं की वाटायचं, इतक्या लवकर?

हा प्रश्न काही ख्रिस्ती माणसांचाच नाही. वारी न चुकवणाऱ्या आजोबांनी मला तो विचारला आहे, पाच वेळा नमाज पढणाऱ्या चाचींनीही. श्रद्धा असून मी कोसळले, म्हणजे श्रद्धा खोटी का? शब्द बदलतात, शरम तीच असते.

पहिल्या दोन भेटींत मी तपासायचं ते तपासलं. झोप तुटक होती, जेवण बरं होतं, घरातलं काम चालू होतं. "मलाही घेऊन जा असं म्हणते मी प्रभूला," असं त्या बोलून गेल्या. हे वाक्य ऐकलं की मी पुढे सरकत नाही, थांबून सरळ विचारते. जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा, ते मनात आलंय का? त्यांनी नर्सच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही. विचारलंत ते बरं केलंत. आम्हीपण विचारायचो." तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. तिथे मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत. माणूस जाऊन पाचच महिने झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही सहा महिन्यांच्या आतल्या शोकाला आजाराचं नाव देत नाहीत. मग मीही दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी टाळत होते. मी ख्रिस्ती नाही. श्रद्धेच्या बाबतीत समुपदेशकाने आपलं काही मध्ये आणायचं नसतं, हे शिकलेलं डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे देवाचा विषय निघाला की मी हळूच झोपेवर, सुनेवर, औषधांवर यायचे. तिसऱ्या भेटीत सिस्टरांनी पकडलं.

"मॅडम, प्रभूचं नाव आलं की तुम्ही वहीत बघता."

खरं होतं. मी वही मिटली आणि म्हटलं, "मला तुमच्यातलं फारसं माहीत नाही. तुमच्या शास्त्रात देवाशी भांडलेलं कुणी आहे का?"

त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "निम्मं शास्त्र तेच आहे की."

पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. बायबलातल्या ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. "तिथपर्यंत बरं चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं," सिस्टर म्हणाल्या. तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं ते मित्र त्याला पानंच्या पानं समजावत राहतात. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही.

मातीला आलेल्या त्या बाईंचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा धरतात. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी वळण घेऊन स्तुतीवर येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही, ते अंधारातच संपतं. सिस्टरांना ते माहीत होतं, पण चर्चमध्ये कुणी वाचलेलं त्यांना आठवत नव्हतं. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी येशू स्वतः रडला. पुढच्या घटकेला त्याला मेलेल्यातून उठवणार होता तरी रडला. मग त्याचा विश्वास कमी होता का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच स्वतःला विचारलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माझी आजी पंढरीची वारकरी होती. जनाबाई विठोबाला शिव्या घालते ते अभंग ती दळताना म्हणायची, हे मी त्यांना सांगितलं. असं वैयक्तिक मी सहसा सांगत नाही. सिस्टर लगेच म्हणाल्या, "आमचे टिळक म्हणायचे, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो." रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटची काही वर्षं साताऱ्यात होते, १९१९ मध्ये ते गेले. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं भजनाच्या चालींवर म्हणतात.

मला वाटलं, गाठ सुटली. सुटली नव्हती. चौथ्या भेटीला त्या आल्या त्या पडलेला चेहरा घेऊन. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाल्या, "मॅडम, मी नर्स आहे. आदल्या दिवशी ते म्हणाले होते, डोकं जड झालंय. मी बीपी बघितलं नाही."

पाच महिने 'विश्वास कमी पडला' या वाक्याखाली हे दडलं होतं. देवाकडून चूक झाली म्हणायचं नाही, स्वतःकडून झाली हे सोसत नाही, मग बिचाऱ्या विश्वासावर ढकललं. अशा वेळी "तुमची काही चूक नाही हो" म्हणून काही होत नाही. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सला माझ्यासारखीने ते सांगणं म्हणजे तर विनोदच.

मी म्हटलं, "सिस्टर, मला त्या दिवसाची ओव्हर द्या."

इस्पितळात पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटची हकिगत सांगते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. काय झालं, काय दिलं, कशावर लक्ष ठेवायचं. त्यात 'असं करायला हवं होतं' नसतं. त्या ताठ बसल्या. आवाजच बदलला.

"पेशंट वय सत्तर. बीपी बारा वर्षं, गोळी रोज सकाळी, त्या दिवशीही घेतलेली. सकाळी सहाला चहा. अकराच्या सुमारास डोकं जड म्हणाले. उलटी नाही, बोलणं साफ, हातापायाला ताकद. स्वतः चालत अंगणात गेले. दुपारी जेवण रोजचं. संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेले, आठला परत. रात्री दहाला प्रार्थना, झोप. पहाटे पावणेपाचला उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं. पाच पंचविसाला दवाखान्यात."

मग थांबल्या.

"दुसऱ्या कुणाचा पेशंट असता," मी विचारलं, "तर तुम्ही घरच्यांना काय म्हणाला असता?"

"म्हणाले असते, चाळीस मिनिटांत आणलंत, खूप केलंत." बराच वेळ गेला. "आणि म्हणाले असते, प्रभूची इच्छा. चौतीस वर्षं म्हणत आलेय मी हे लोकांना. मॅडम, फार वाईट वाक्य आहे हो ते. त्या वेळी."

त्या उठल्या, पर्स घेतली आणि दारात म्हणाल्या, "रात्रपाळी करून ओव्हर न देताच बसलेय मी जुलैपासून. त्याला द्यायला पाहिजे होती." वर बोट केलं आणि गेल्या. मी काही तंत्र वापरलं असं मला म्हणता येणार नाही. शब्द त्यांच्याच वॉर्डातला होता आणि घेणाराही त्यांचाच.

मला एक मात्र करायचं नव्हतं. हल्ली कृतज्ञतेची वही लिहायला सांगतात, रोज तीन चांगल्या गोष्टी. काहींना उपयोग होतो. पण ताज्या दुःखात माणूस त्यात जमाखर्च मांडतो, नातू जमेला आणि नवरा खर्चाला, आणि बेरीज जुळली नाही की पुन्हा स्वतःला बोल लावतो. शोकात माणूस एक दिवस गेलेल्याकडे आणि एक दिवस राहिलेल्यांकडे असा झोके खातो, आणि ते निरोगी आहे, असं मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं. मला ते रोज समोर दिसतं. सिस्टरांना मी एवढंच सांगितलं की मोरीत रडणं आणि बाळाला बघून हसणं एकाच तासात झालं तर तुम्ही ढोंगी ठरत नाही.

पुढच्या वेळी त्या नवऱ्याचं गीतांचं पुस्तक घेऊन आल्या. ते एस.टी.त कंडक्टर होते, आणि चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायची सवय हाडात मुरलेली. प्रत्येक गीताच्या शेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आणि कारण: लग्न, माती, बाप्तिस्मा, नाताळ. चाळीसेक वर्षांच्या नोंदी. सिस्टरांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. एकाच गीताशेजारी एकाखाली एक नऊ नोंदी. त्यांच्या थोरल्या दिराची माती, लगेच खाली फेब्रुवारीतलं मुलाचं लग्न.

"गाणं तेच," त्या म्हणाल्या. "लोकांनी त्यांच्या मातीलाही हेच म्हटलं. ती नोंद करायला कोण नव्हतं."

माझ्या टेबलावर पेन्सिल नव्हती. बाहेर मुलांच्या खोलीतून आणली, टोक मोडलेलं होतं, ते करेपर्यंत त्या पुस्तक धरून बसून राहिल्या. मग लग्नाच्या खाली तारीख लिहिली, आणि पुढे: माती. अक्षर त्यांच्यापेक्षा मोठं आलं, समासाबाहेर गेलं. त्याच्या खाली जागा शिल्लक होती. जानेवारीत साताऱ्याला बाळाचा बाप्तिस्मा ठरला होता. "तिथे हेच म्हणायला सांगते लेकीला," म्हणाल्या.

एकतीसच्या रात्रीचं मला जानेवारीत कळलं. त्या उभ्या राहिल्या, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं, "मुलाचं लग्न झालं, नातू झाला, हे गेले, मी अजून प्रभूशी बोलते आहे" एवढं म्हणून खाली बसल्या. सगळेच आमेन म्हणायचं विसरले. मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने म्हटलं, जरा उशिराने. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी घरी येऊन गेले, अर्धा तास बसले, फारसं बोलले नाहीत. सिस्टरांच्या मते ते उत्तम पाळक आहेत.

विश्वास वाढला का, हे मी विचारलं होतं. "वाढायला काय झालं, आहे तेवढाच आहे," म्हणाल्या आणि डब्यातून करंज्या काढल्या. नाताळच्या उरलेल्या, थोड्या मऊ पडलेल्या.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. जुलैत वर्षदिवस आहे. त्या आठवड्यातली वेळ आत्ताच लिहून ठेवली आहे, मंगळवारी साडेचार.