एक एकर विकून सायबरची पदवी घ्यावी का?

प्रश्न: मॅडम, सेलूपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. पाच एकर वडिलोपार्जित जमीन आणि कृषी सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला 4 लाख 20 हजारांचा, प्रवर्ग ओबीसी. मुलीला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. आणि एम.टेक. असा पाच वर्षांचा एकत्रित कोर्स मिळतोय, कॉम्प्युटर सायन्समध्ये सायबर सिक्युरिटी. फी वर्षाला 2 लाख 60 हजार, हॉस्टेल-मेस 1 लाख 20 हजार. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीत, नांदेडमधल्या विष्णुपुरीच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला आयटी लागलंय. एफडी साडेचार लाखांची आहे. 12 लाखांचं कर्ज मागितलं तर बँक साडेदहा टक्के व्याज सांगते, वर तारणही मागते. रस्त्यालगतचा एक एकर 16 लाखांना मागितलाय. विकू का? पोरगी म्हणते, करीन तर सायबरच.

उत्तर: दादा, आधी माझं मत सांगते, मग कारणं. एकर विकू नका. नांदेडची जागा फ्रीज करा, म्हणजे पक्की करा. आणि पोरीला सांगा, सायबर सुटलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच दिसली नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. तुमची लेक दोन्हींत बसते. पण खासगी विद्यापीठं, खासगी अभिमत विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा या सवलतीत येत नाहीत. म्हणजे पुण्याचा कागद घेतला की हा हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने सोडता. माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांतल्या आठांना हे ठाऊक नसतं. मग फी भरून झाल्यावर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज शोधत बसतात.

आता दोन्ही खर्च शेजारी मांडू. पुण्याचे वर्षाला 3 लाख 80 हजार, पाच वर्षांचे 19 लाख, तेही फी एका रुपयाने वाढली नाही तर. नांदेडला मेस, खोली, येणंजाणं, कॉलेजची किरकोळ फी धरून वर्षाला सव्वा लाख ठेवा. लॅपटॉप धरून चार वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास. मधली तफावत साडेतेरा लाखांची.

कर्जाचं गणित मी कागदावर करून पाहिलं. 12 लाख पाच हप्त्यांत उचलले, शिकतानाचं सरळव्याज धरलं आणि कोर्सनंतरचं एक वर्ष सवलतीचं धरलं, तर परतफेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर 17 लाख असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 23 हजारांचा हप्ता, एकूण साडेसत्तावीस लाख. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने हा हप्ता म्हणजे दर महिन्याला सव्वाचार क्विंटल सोयाबीन. बाजारात हमीभाव किती वेळा मिळतो, हे तुम्ही दुकानात रोज ऐकता. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर तुमची किती उधारी अडकून राहिली असेल, तेही मी समजू शकते. अशा घरावर दहा वर्षांचा हप्ता चढवायला माझं मन होत नाही.

बँकेने तारण मागितलं यात नवल नाही. साडेसात लाखांपुढे मागतातच, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी या बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. तरीही कर्जाचा विचार करायचाच असेल, तर ते विद्यापीठ पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात व्याजात 3 टक्के सूट मिळू शकते, आणि तुमच्यासारखं साडेचार लाखांच्या आत असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याजही माफ होऊ शकतं, हे बँकेत विचारा. यादीत नसेल तर तिथेच थांबा.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर. सेलू नगरपालिकेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसत नाही, त्यामुळे तुम्हाला 16 लाख पूर्ण हातात दिसत असतील. ते खरंही आहे. पण रस्त्यालगतचा एकर गेला की मागचे चार एकर वाटेसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतील. शिवाय जमीन वडिलोपार्जित आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. तेव्हा उद्या विकायची वेळ आलीच, तरी "तुझ्यासाठी जमीन विकली" हे वाक्य तिच्यासमोर कधी काढू नका. ती जमीन तिचीही आहे.

आता कोर्सकडे येते. एकत्रित पदवीचा खरा फायदा एवढाच, की सहा वर्षांचं काम पाचात होतं आणि मध्ये दुसरी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. पण सतराव्या-अठराव्या वर्षी पाचव्या वर्षाचा निर्णय आजच बांधून घ्यायचा. त्या वर्षाची किंमत 3 लाख 80 हजार, आणि नोकरी लागली असती तर मिळाला असता तो वर्षाचा पगार. विद्यापीठाला एक प्रश्न लेखी विचारा: चौथ्या वर्षानंतर बाहेर पडलं तर बी.टेक. हातात मिळतं का? तोंडी "हो हो" चालणार नाही.

उलट बी.टेक. करून गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली तर एआयसीटीईमान्य (तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) ठिकाणी पूर्णवेळ एम.टेक. करताना महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचे जवळजवळ तीन लाख. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे वर्ष-दोन वर्षं नोकरी करून मग ठरवता येतं.

मागच्या दिवाळीत जालन्याची एक मुलगी माझ्याकडे आली होती, भावाच्या विम्याचं विचारायला. साधी आयटीची पदवी, पुण्यात एका कंपनीच्या सॉकमध्ये नोकरी, म्हणजे रात्रंदिवस नेटवर्कवर नजर ठेवायची. ती सांगत होती, रात्री पावणेतीनला एकाच खात्यावर चाळीस चुकीचे पासवर्ड पडले आणि एक्केचाळिसावा बरोबर निघाला. तो माणूस की चोर, हे तिला लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी, वाचून दहा मिनिटांत ठरवायचं होतं. मुलाखतीत तिला लिनक्सच्या कमांड विचारल्या, नेटवर्कवरून जाणारं डेटाचं पॅकेट उघडून वाचायला लावलं. पदवीच्या नावात सायबर आहे का, हे कोणी विचारलं नाही. बोलताना तिच्या डोळ्यांत जी चमक होती, तीच तुमच्या लेकीच्या "करीन तर सायबरच" मध्ये मला ऐकू येते. म्हणूनच मी तिला थांबवत नाहीये.

या क्षेत्राला कामाची वानवा नाही, हे मीही मानते. 2022 पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमाने सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, लॉग 180 दिवस जपावे लागतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे. 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले, तेव्हापासून सहकारी बँकाही जाग्या झाल्या. पण या सगळ्या कामाचा पाया ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग आणि डेटाबेस, आणि तो विष्णुपुरीच्या वर्गातही पक्का होतो. क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याच्या शास्त्रात, संशोधन करायचं असेल किंवा कॉलेजात शिकवायचं असेल, तर एम.टेक. हवंच. तेव्हा गेट आहे. लवकर नोकरी हवी असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा डिटिस हा सिस्टिम आणि सिक्युरिटीचा डिप्लोमा आहे.

साडेचार लाखांची एफडी मोडून चार तुकडे करा, एकेक तुकडा दर जुलैत मुदतीला येईल असा. वरचा लाखभर दुकानातून हळूहळू निघेल. पहिल्या वर्षी एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) फुकट कोर्स आणि लिनक्स, दुसऱ्या वर्षापासून सीटीएफ, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायच्या स्पर्धा, एवढं तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि हे आजच पाहा: जात वैधता हातात आहे ना, आणि नॉन क्रिमिलेअर व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, या दोन्हींच्या तारखा चालू आहेत ना? यातला एक जरी राहिला तरी शुल्कमाफी अडकते. जात वैधता पडताळणी समितीकडून मिळते; बाकी काही कमी असेल तर उद्या सकाळी तहसील उघडण्याआधी दारात उभे राहा.