रुळावरचं साल आणि स्टेशनचं वय

प्रश्न : आमच्या गावाजवळ, मडगाव–कॅसल रॉक मार्गालगत, मीटरगेजच्या काळातलं एक बंद स्टेशन आहे. भिंती चिऱ्यांच्या, छप्पर निम्मं कोसळलेलं. कुंपणाला रुळांचे तुकडे पुरलेत. त्यातल्या एकावर १८८५ वाचता येतं. खाली पडलेल्या कौलावर तर १८६५ आहे. स्टेशन कधीचं समजायचं?
— वाचक, सांगे तालुका

उत्तर : कौल आधी बाजूला ठेवा. बासेल मिशनच्या मंगलोरी कौलांवरचं १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल; कौल नंतर कधीही भाजलेलं असू शकतं. या एका आकड्यापायी कोकणात कितीतरी घरं उगाच म्हातारी झाली आहेत! शिवाय गोव्याच्या रेल्वेचं मूळ १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात आहे. रूळ पडले ते १८८०च्या दशकात.

रुळावरचं साल खरं, पण ते रूळ ओतल्या-लाटल्याचं. मुख्य मार्गावर झिजलेला रूळ काढून सायडिंगला, म्हणजे बाजूच्या फाट्याला, टाकतात, तिथूनही निघाला की तो कुंपणाला जातो. म्हणजे कुंपण १८८५ नंतरचं, एवढंच सिद्ध होतं. एका खांबावर थांबू नका, सगळे वाचा. तारेच्या ब्रशनं गंज झाडा, रुळाच्या उभ्या पट्टीवर खडू आडवा धरून घासा. अक्षरं उठावाची असल्यानं पांढरी होतात. ग्राइंडर मात्र नको, गंजाबरोबर अक्षरंही जातात. सालाजवळच्या उभ्या रेघा किंवा रोमन आकडा बहुधा महिन्याचा असतो. ‘६० आर’ म्हणजे यार्डाला ६० पौंड, मीटरला सुमारे ३० किलो. सर्वांत नवं साल ज्या खांबावर, त्याच्या आधी कुंपण आजच्या रूपात पुरं झालेलं नाही.

स्टेशनचं वय कागदातच सापडेल. प्रवाशांच्या वेळापत्रकात फक्त प्रवासी थांबे असतात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यावी (क्रॉसिंग), एवढ्यासाठीच असलेलं स्टेशन त्यात दिसत नाही, ते कर्मचाऱ्यांच्या वर्किंग टाइमटेबलमध्ये मिळतं. नाव कोणत्या वर्षी येतं आणि कोणत्या वर्षी गळतं, ते पाहा. इथे दोन जागी फसायला होतं. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनात याच मार्गावरचं कुळें ‘सी’पासून लिहीत, तेव्हा ‘के’खाली नाही मिळालं म्हणून सोडू नका. दुसरं, भारतानं पोर्तुगीज गोव्याच्या केलेल्या १९५५च्या आर्थिक नाकेबंदीत सीमेपलीकडची वाहतूक थांबली. तेव्हापासून १९६१ पर्यंत भारतीय वेळापत्रकात नाव नसलं, तरी स्टेशन बंद झालं असं ठरत नाही.

शेजारचा मार्ग चालू असेल तर रुळांवरून चालत जाऊ नका, तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. रुळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं त्याहून महागात पडेल.

प्रश्न : रूळ कधीच उखडले. ओहोळावरच्या साकवाला जुने लाकडी स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) टाकलेत. त्यावरून गेज ओळखता येईल का?
— वाचक, धारबांदोडा

उत्तर : बऱ्याच अंशी. मीटरगेजचा साधा स्लीपर १८३० मिलिमीटर, म्हणजे सहा फूट. ब्रॉडगेजचा २७५० मिलिमीटर, नऊ फूट. पण रुळाला फाटा फुटतो तिथल्या सांध्यांखालचे स्लीपर याहून लांब असतात, पुलावरचेही असू शकतात, आणि साकवाला लोक नेमके लांबच निवडतात. म्हणून लांबीपेक्षा रूळ बसल्याच्या खुणा पाहा. रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मीटरगेजला १००० मिलिमीटर, ब्रॉडगेजला १६७६. लाकडावर उमटतो तो रुळाचा पाया, आणि तो माथ्यापेक्षा रुंद असतो, म्हणून खुणांमधलं आतलं अंतर यापेक्षा काहीसं कमीच भरेल. कापलेला स्लीपर असेल तर दोन्ही खुणा शिल्लक आहेत ना, ते आधी बघा.

प्रश्न : कुडाळकडे इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशन होतं, असं थोरले सांगतात. खरं का?
— वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. उत्तरेकडून येणारे रूळ रोह्याला पोचले तेच १९८६ साली. कोकण रेल्वे महामंडळ १९९०चं आणि सबंध मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ला. थोरल्यांनी तेव्हा गाडी पकडली असेल, तर ती घाट चढून गेल्यावर.