‘आय सॉ हर साइन’ की ‘आय सॉ हर साइनिंग’?

तुमचा प्रश्न असा, की ‘मी तिला पत्रावर सही करताना पाहिलं’ याचं इंग्रजी ‘आय सॉ हर साइन द लेटर’ होईल की ‘साइनिंग द लेटर’? आणि ‘आय सॉ हर टू साइन’ का चालत नाही?

पहिली दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. गोंधळ होतो तो आपल्या ‘-ताना’मुळे. सही अर्धी पाहिली काय नि पूर्ण पाहिली काय, मराठीत ‘करताना पाहिलं’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत किती पाहिलं ते ठरवावं लागतं. ‘साइन’ म्हटलं, की पेन टेकल्यापासून उचलेपर्यंत सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. ‘साइनिंग’ म्हटलं, की तुमची नजर गेली तेव्हा सही चालू होती. पुढे ती पुरी झाली की नाही, हे त्या वाक्यात येत नाही. एका साक्षीदाराच्या जबाबाचं भाषांतर करताना मी सवयीने ‘साइनिंग’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच विचारलं, ‘सही पूर्ण झाली का?’ तेव्हापासून ‘-ताना’ दिसलं की मी आधी थांबतो.

क्षणात उरकणाऱ्या क्रियेत हा फरक आणखी वेगळा दिसतो. ‘आय हर्ड द डोअर स्लॅम’ म्हणजे दार एकदा आपटलं. ‘स्लॅमिंग’ म्हणजे ते सारखं आपटत होतं. ‘स्मेल’ला मात्र निवडच नाही: ‘आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग’, तिथे नुसतं ‘बर्न’ येत नाही.

आता ‘टू’. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्या कर्तरी वाक्यात ते गळतं आणि कर्मणीत परत येतं: ‘शी वॉज सीन टू साइन द लेटर’. ‘मेक’चंही असंच आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याच क्रियापदांत आपण आणखी एके ठिकाणी हमखास अडखळतो. ‘आवाज ऐकू येतोय’ म्हणून आपण ‘आय ॲम हिअरिंग अ नॉइज’ लिहितो. तिथे ‘आय कॅन हिअर अ नॉइज’ हवं. इथे मात्र मराठीच मदतीला येते. दिसणं आणि पाहणं, ऐकू येणं आणि ऐकणं, वास येणं आणि वास घेणं, असा भेद आपल्याकडे आधीच आहे. इंग्रजीत ‘सी’ आणि ‘लुक ॲट’, ‘हिअर’ आणि ‘लिसन’ वेगळे आहेत, पण वासाच्या दोन्ही अर्थांना एकटं ‘स्मेल’. म्हणून वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. ‘येतो’ आलं, तर सहसा ‘-इंग’ लावू नका आणि पुढे विशेषण ठेवा: ‘द फ्लॉवर स्मेल्स स्वीट’, ‘स्वीटली’ नव्हे. ‘घेते’ आलं, तर ‘शी इज स्मेलिंग द फ्लॉवर’ बिनधास्त लिहा, आणि कसं ते सांगायला ‘केअरफुली’ही चालेल.